पाहुण्यांसाठी शेतातील पायवाट : आखणी आणि आराखडा



बारामती आणि इंदापूर तालुक्यांत शेतीला पाहुण्यांची जोड मिळू लागली, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा प्रायोगिक प्रकल्प उभा केला. पुढे २०२० मध्ये राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण आले. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या भागात रोहित पक्षी पाहण्यासाठी लोक येतात. सुप्याजवळ १९९७ मध्ये घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे, तेथे चिंकारा पाहण्यासाठी येतात. कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळावर वन विभागाने २०२४ मध्ये गवताळ सफारी सुरू केली. याशिवाय ज्वारीच्या हुरड्याचे दिवस आहेतच.

असे केंद्र सुरू करताना खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर यांचे आराखडे केले जातात, गवंड्याशी चर्चा होते. पण पाहुणा आल्यावर दिवसातला बराच वेळ करतो काय? तो चालतो. गोठ्याकडून विहिरीकडे, विहिरीकडून बागेत, बागेतून टेकडीवर. या चालण्याची वाट मात्र कोणी आखत नाही, ती आपोआप पडते. आपोआप पडलेली वाट सर्वांत जवळची, म्हणून बहुधा सरळ उताराची असते. पावसाचे पाणी त्याच वाटेने धावते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची घळ होते. माती तुमच्याच शेतातली जाते. उघड्या शेततळ्याच्या काठावरून पडलेल्या वाटेने तर जिवाला धोका होतो. म्हणून वाट आधी कागदावर यावी, मग जमिनीवर. त्यासाठी अभियंता लागतोच असे नाही. बांधबंदिस्तीची कामे पाहिलेल्या कोणाही शेतकऱ्याला हे जमण्यासारखे आहे.

वाट कोणासाठी आणि किती लांब

शहरातून येणारे कुटुंब म्हणजे दोन मुले, त्यांचे आईवडील आणि बहुधा एक आजी किंवा आजोबा. आराखडा आजीच्या पायांनी करावा, म्हणजे सर्वांना चालतो. शेतकरी माणूस तासाला चार-पाच किलोमीटर सहज चालतो. अशा कुटुंबाचे थांबत-बघत तासाभरात एक ते दीड किलोमीटरच होते. पाच एकरांचा चौरस तुकडा असेल, तर बांधाबांधाने एक फेरी सुमारे ५७० मीटरची भरते. म्हणजे पाच एकरांच्या शेतावरही तासाभराची वाट बसते, फक्त ती नीट फिरवून घ्यावी लागते.

वाट शक्यतो वर्तुळाकार असावी. गेलेल्या वाटेनेच परत यावे लागले तर परतीला कोणाचे लक्ष लागत नाही. मोठ्या फेरीत मधूनच घरी परतता येईल असा एक आडवा तुकडाही ठेवावा. ज्येष्ठ मंडळी त्याने परततात, बाकीचे पुढे जातात.

विसाव्याच्या जागा कोठे असाव्यात हे आपल्या भागाला शिकवायला नको. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते. मुक्काम, विसावा, पाणी आणि सावली यांची जागा कशी धरायची याची पिढ्यान्‌पिढ्यांची समज त्या वाटेत आहे. पाहुण्यांच्या वाटेवर दर १५० ते २०० मीटरला बसायला जागा असावी. ती झाडाखालीच असावी. उन्हात ठेवलेल्या सिमेंटच्या बाकावर मार्चनंतर कोणी बसत नाही.

नकाशा तयार करणे

तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा घ्यावा. मोबाईलवरील उपग्रहाच्या चित्रात बांध, झाडे, विहिरी दिसतात, त्याची मदत घेता येते; पण हद्द मात्र त्यावरून ठरवू नये. एका मोठ्या कागदावर एक सेंटिमीटरला पाच मीटर या प्रमाणात शेताचा नकाशा उतरवून घ्यावा. त्यावर हद्दी, बांध, सांडवे, ओघळी, विहिरी, कूपनलिका, शेततळे, ठिबकच्या मुख्य व उपमुख्य नळ्या, विजेच्या तारा व खांब, रोहित्र, गोठा, खताचा उकिरडा आणि औषधांची खोली दाखवावी. मोठी झाडे एकेक करून दाखवावीत. चिंच, कडुलिंब, बोर, हिवर जे असेल ते.

नंतर दोन रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात. हिरव्या पेन्सिलीने पाहुण्यांना नेण्यासारख्या जागांभोवती वर्तुळे काढावीत, लालने टाळण्याच्या जागांभोवती. बहुतेकांचा अनुभव असा, की लाल वर्तुळे हिरव्यांपेक्षा जास्त निघतात. त्यात वाईट काही नाही. वाट म्हणजे हिरवी वर्तुळे जोडणारी आणि लाल वर्तुळांना न शिवणारी रेषा, आराखड्याची निम्मी कामगिरी येथेच होते.

हे काम एकदा पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात करणे चांगले. पावसाळ्यात पाणी कोठे साचते ते दिसते, उन्हाळ्यात सावली कोठे नाही ते कळते. दोन्ही ऋतूंची वाट पाहणे शक्य नसेल तर निदान शेतावरच्या जुन्या सालगड्याला विचारावे. पाणी कोठून जाते हे त्याच्याइतके कोणाला माहीत नसते.

उतार मोजणे

वाटेच्या आयुष्याचा निकाल उतारावर लागतो. उतार मोजण्यासाठी पाणलोटाच्या कामात वापरतात तो हायड्रोमार्कर पुरेसा आहे. दीड मीटर उंचीच्या दोन काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि दहा-बारा मीटर लांबीची पारदर्शक नळी पाण्याने भरून तिची दोन टोके काठ्यांना बांधावीत. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. दोन्ही काठ्या दहा मीटर अंतरावर उभ्या धरून पाण्याची पातळी वाचावी. समजा वरच्या काठीवर ४० आणि खालच्या काठीवर ११० आकडा आला, तर दोन ठिकाणांत ७० सेंटिमीटरचा फरक आहे, म्हणजे उतार सात टक्के झाला.

वाटेचा स्वतःचा उतार सरासरी सात-आठ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. वयस्क मंडळींसाठी पाच टक्के सोयीचा. थोड्या अंतरासाठी बारा टक्के चालतो, पण मुरमाच्या सुट्या खड्यावर त्याहून तीव्र उतारात पाय घसरतो, आणि घसरतो तो चढताना नव्हे, उतरताना.

याहून महत्त्वाचा नियम असा, की वाटेचा उतार हा टेकडीच्या त्या जागेच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. कारण सोपे आहे. पाणी नेहमी सर्वांत तीव्र उताराकडे वळते. वाट टेकडीच्या उताराला आडवी, कमी उताराने जात असेल तर वरून आलेले पाणी वाट ओलांडून खाली निघून जाते. वाट टेकडीच्या उताराशी बरोबरी करू लागली की पाणी ओलांडण्याऐवजी वाटेनेच धावते.

उदाहरण घेऊ. शेताच्या कडेला १२ मीटर उंचीची मुरमाड टेकडी आहे आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे सरळ अंतर ८० मीटर आहे. टेकडीचा उतार १५ टक्के झाला. निम्मा म्हणजे साडेसात, आपण सात टक्के धरू. बारा मीटर चढायला सात टक्के उताराने सुमारे १७० मीटर वाट लागेल. म्हणजे सरळ ८० मीटरऐवजी दुपटीहून अधिक लांबीची, एक किंवा दोन वळणे घेत जाणारी वाट. वळणाची जागा त्यातल्या त्यात सपाट पाहून निवडावी आणि तेथे दोन-अडीच मीटरचा समतल तुकडा ठेवावा. दोन वळणांच्या मधून आडवाट पडू नये म्हणून आतल्या बाजूला दगडांची रास किंवा बोरीचे काटेरी झुडूप असू द्यावे. माणूस आणि शेळी यांची आडवाटेची ओढ सारखीच असते.

रेषा ठरली की खुंट्या ठोकून फक्की मारावी, आणि घरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला व एका लहान मुलाला तीवरून चालवून पाहावे. त्यांनी जेथे नैसर्गिकपणे वळण घेतले तेथे फक्की पुसून पुन्हा मारावी. फक्कीला खर्च नाही, मुरमाला आहे.

पाणी बाहेर काढणे

आपल्या दोन तालुक्यांत वर्षभराचा पाऊस साधारण साडेचारशे-पाचशे मिलिमीटर. त्यामुळे 'आमच्याकडे पाऊस कोठे आहे?' असे म्हणून पाण्याच्या निचऱ्याकडे दुर्लक्ष होते. पण हा पाऊस सारखा वाटून पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२० रोजी एका दिवसात काय झाले, आणि मे २०२५ च्या अखेरीस अवेळी पावसात ओढे कसे वाहिले व नीरा डावा कालवा कसा फुटला, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. वाट आखायची ती अशा दिवसासाठी.

वाटेचा पृष्ठभाग उताराच्या बाजूला किंचित कलता ठेवावा. १.२ मीटर रुंदीच्या वाटेला बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा पाच सेंटिमीटर खाली, एवढा कल पुरतो. चालणाऱ्याला तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. बाहेरच्या कडेला मातीची वरंबा राहिली तर हा कल निरुपयोगी ठरतो; खोदाईची माती कडेला न टाकता खाली पसरून द्यावी.

दुसरी सोय म्हणजे वाटेला मधून मधून 'पोट' देणे. उतरत जाणारी वाट दर पंधरा-वीस मीटरला दोन-तीन मीटर लांबीपुरती पंधरा-वीस सेंटिमीटरने वर चढवावी आणि मग पुन्हा उतरवावी. तेथे जो खोलगट भाग तयार होतो त्यातून वाटेवरचे पाणी बाहेर पडते. बांधाला जसा सांडवा तसे वाटेला हे पोट. तोंडाशी दगड रचून ठेवावेत म्हणजे खालची माती धुपत नाही. बाहेर पडणारे पाणी खालच्या शेजाऱ्याच्या पिकात सोडू नये. ते आपल्याच ताली किंवा चरात जिरवावे.

ओघळ ओलांडताना लहान व्यासाचे पाईप घालण्याचा मोह टाळावा. पहिल्याच पावसात उसाचे पाचट आणि काडीकचरा अडकून पाईप तुंबतो आणि पाणी वाट फोडते. त्यापेक्षा ओघळीच्या तळाशी मोठे सपाट दगड घट्ट बसवून फरशी करावी. वर्षातून चार-सहा दिवस तेथून जाता आले नाही तरी बिघडत नाही.

काळी जमीन आणि माळाची जमीन

नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील भारी काळी जमीन आणि वरच्या भागातील मुरमाड माळ यांचे स्वभाव वेगळे, तेव्हा वाटाही वेगळ्या.

मुरमाड जमिनीत काम सोपे आहे. वरचे सुटे गोटे बाजूला करावेत, उंचसखल भाग तासावा, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकावे. बाहेरून भराव आणण्याची बहुधा गरज पडत नाही.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली असताना बुटाला चिकटून प्रत्येक पावलाला अर्धा किलो वजन वाढवते. तीवर नुसता मुरूम पसरला तर दोन पावसाळ्यांत तो मातीत गडप होतो. येथे वाट शेताच्या पातळीपेक्षा पंधरा सेंटिमीटर तरी उंच असली पाहिजे आणि दोन्ही बाजूंना उथळ चर हवेत. वरचा मऊ थर तासून काढावा, मग जाड मुरूम घालून दाबावा आणि वर चाळलेला बारीक मुरूम पसरून पाणी मारून पुन्हा दाबावा. रुंद, जुना बांध उपलब्ध असेल तर वाट त्यावरूनच न्यावी. दाबण्याचे काम पिढ्यांनी आधीच करून ठेवलेले असते. पाटाच्या पाण्याची पाळी सुरू असताना बांधालगतची जमीन ओली राहते, हे ध्यानात घेऊन त्या बाजूचा चर जरा खोल ठेवावा.

सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकची सध्या फार आवड दिसते. काळ्या जमिनीत ते वरखाली होतात, उन्हात तापतात, आणि मुख्य म्हणजे पाहुणा शहरात जे रोज तुडवतो तेच त्याला येथे पुन्हा दाखवण्यात अर्थ नाही. ब्लॉक लावायचेच तर घराच्या अंगणात लावावेत.

मळ्यातून जाताना

दोन माणसे बोलत शेजारी चालण्यासाठी दीड मीटर, एकामागे एक जाण्यासाठी ९० सेंटिमीटर रुंदी पुरते. वरून फांद्या सव्वादोन मीटरपर्यंत छाटाव्यात. ठिबकच्या नळ्या वाट ओलांडतात तेथे त्या जाड पाईपमधून ओवून दीड फूट खोल गाडाव्यात, नाहीतर कोणाचा तरी पाय अडकतो किंवा नळी फुटते.

उसाच्या फडाला खेटून वाट नेऊ नये. पाने कापतात, कूस अंगाला लागते, आणि अलीकडे पुणे जिल्ह्यात उसात बिबट्याचा वावर वाढलेला आहे. फडापासून निदान दीड-दोन मीटर मोकळी पट्टी असावी, आणि सूर्य मावळल्यावर त्या बाजूची वाट बंद ठेवावी.

डाळिंबाची बाग ही इंदापूरची शान आहे आणि पाहुण्यांना ती पाहायचीच असते. पण ओळींच्या मधून कोणालाही नेऊ नये. तेलकट डागाचे जिवाणू ओल्या पानांना लागलेल्या हातांनी, कपड्यांनी, कात्र्यांनी पसरतात. मर रोगाची बुरशी आणि सूत्रकृमी तर बुटाच्या मातीबरोबर प्रवास करतात. कालपर्यंत दुसऱ्या बागेत फिरलेला माणूस आज तुमच्या बागेत येत असतो. वाट बागेच्या कडेने न्यावी, एक-दोन झाडे कडेला वेगळी ठेवून तीच हाताळू द्यावीत. बोरीसारख्या द्राक्षाच्या पट्ट्यात मांडवाखालून फिरण्याचा आग्रह होतो. तेथेही औषध फवारणीनंतरचा प्रतीक्षा काळ संपेपर्यंत फलक लावून तो तुकडा बंद करावा. कोंबड्यांच्या शेडकडे वाट नेऊच नये. गोठ्याच्या तोंडाशी पाय बुडवण्यासाठी जंतुनाशकाची उथळ टाकी असावी.

शेततळ्याबद्दल जरा स्पष्ट लिहितो. प्लास्टिक अंथरलेले शेततळे हे विहिरीपेक्षा धोकादायक असते, कारण ते धोकादायक दिसत नाही. ओल्या प्लास्टिकवर पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. वाट तळ्याच्या काठापासून निदान तीन मीटर दूर असावी. चारही बाजूंना दीड मीटर उंचीची जाळी आणि कुलूप असलेले फाटक हवे. शिवाय चारही बाजूंना खांबाला बांधलेले, गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले असावेत आणि काठावर हवा भरलेली ट्यूब टांगलेली असावी. विहिरीला सव्वा मीटरचा कठडा नसेल तर वाट त्या बाजूला वळवूच नये. हा खर्च ज्याला परवडत नाही त्याने पाहुणे बोलावण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे.

उजनीच्या काठाची वाट

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेकडील गावांत प्रश्न निराळा आहे. उजनीचा काठ ही स्थिर रेषा नाही. धरणाची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आणि मृत साठ्याची पातळी ४९१.०३ मीटर आहे. फरक ५.८० मीटरचा. काठाच्या जमिनीचा उतार एक टक्का असेल तर या फरकाने पाणी ५८० मीटर मागे हटते. उतार अर्धा टक्का असेल तर एक किलोमीटरच्या वर. उन्हाळ्यात साठा 'उणे' झाला की आणखी दूर जाते. पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर पाणी उतरल्यावर उघडे पडते ते यामुळेच.

म्हणून कायमची वाट पूर्ण संचय पातळीच्या वरच संपवावी. तिच्या शेवटी बसण्याची जागा, पाण्याची सोय आणि पक्ष्यांची ओळख करून देणारा फलक असावा. तेथून पुढची वाट ही हंगामी. दर पंधरवड्याला बांबूच्या काठ्या आणि चिंध्या बांधून दाखवावी आणि पाणी हटेल तशी पुढे न्यावी. नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळावर वरून पापुद्रा वाळलेला दिसतो, आत मांडीपर्यंत पाय जातो. काठी खुपसून पाहिल्याशिवाय खूण पुढे सरकवू नये, आणि ही पाहणी एकट्याने करू नये.

पक्ष्यांपासून किती अंतर ठेवावे याला एक साधी कसोटी आहे. चरणारे रोहित माना वर करून एका दिशेने चालू लागले म्हणजे तुम्ही फार जवळ आला आहात. ते उडेपर्यंत थांबायचे नसते. वाट त्या अंतराच्या बरीच आधी संपली पाहिजे. कडब्याची किंवा तुराट्यांची ताटी उभी करून तिला डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळ्या, फटी ठेवल्या तर पाहुणे आडोशाला राहतात आणि पक्षी निर्धास्त राहतात. ताटीला खर्च जवळजवळ नाही. भादलवाडीच्या तलावात बाभळींवर चित्रबलाकांची घरटी होतात. अशा ठिकाणी घरट्यांच्या हंगामात झाडांखालून किंवा झाडांजवळून वाट नसावी. पिलांवर बसलेला पक्षी एकदा उठला की उन्हात पिले तडफडतात.

बोटीचा फेरा हा वाटेचाच पुढचा भाग समजला जातो, म्हणून त्याचीही नोंद आराखड्यात हवी. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. वाट जेथे बोटीला मिळते तेथे जीवरक्षक जाकिटे ठेवण्याची पेटी असावी. प्रत्येकाने, नावाड्यानेही, जाकीट घालूनच बोटीत पाय ठेवावा. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आले की बोट सोडू नये, पाहुणे कितीही नाराज झाले तरी.

माळरानावर

माळ म्हणजे पडीक जमीन, असा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. वस्तुतः कुसळी, पवन्या, मारवेल यांचे हे कुरण आहे, आणि चिंकारा, खोकड, लांडगा, धाविक, चंडोल हे सारे त्याच्या उघडेपणावर जगतात. सावलीसाठी म्हणून वाटेच्या दुतर्फा निलगिरी, सुबाभूळ, गिरीपुष्प लावण्याचा विचार कोणी सुचवला तर मान्य करू नये. माळावर आहे ती हिवर आणि बोर पुरे. पाहुण्याने टोपी घालून यावे.

टिटवी, धाविक, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत माळावर नवी वाट काढू नये. बैलगाडीची जुनी चाकोरी असेल तर तीच वापरावी. मेंढपाळांचे कळप ज्या वाटेने पाण्यावर जातात ती वाट आडवू नये आणि तिच्यात मिसळूही नये. कळपाबरोबरची कुत्री अनोळखी माणसाला सोडत नाहीत. वाटेवर विडी-काडीला बंदी असावी. डिसेंबरनंतर वाळलेले गवत एका ठिणगीने शेकडो एकर पेटते.

परवानग्यांविषयी

पाहुण्यांची वाट स्वतःच्या सातबाऱ्यावरील जमिनीतच असावी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतात, ती शेतात जाण्या-येण्यासाठी. त्या वाटेने उद्या पन्नास पाहुणे नेले तर शेजाऱ्याशी वाकडे येणारच. सामाईक बांधावरून वाट न्यायची असल्यास शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी, आणि हुरड्याला त्याला आधी बोलवावे.

कालव्याची सेवावाट आणि उजनीची संपादित जमीन जलसंपदा विभागाची आहे. वनजमिनीत फावडे मारणे, दगड हलवणे, फलक ठोकणे यांतले काहीही वन विभागाच्या परवानगीशिवाय करता येत नाही; १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९८० चा वनसंरक्षणाचा कायदा दोन्ही लागू होतात. माळावर पाहुणे न्यायचे असतील तर वन विभागाच्या सफारीतून, त्यांनी नेमलेल्या वाटाड्याबरोबर न्यावेत. केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करून घ्यावी. अर्जासोबत वाटेचा नकाशाही जोडता येतो.

खर्चाचा अंदाज

३०० मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि दाबून १० सेंटिमीटर जाडीची मुरमाची वाट धरू. घनफळ ३६ घनमीटर झाले. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून पाव भाग वाढवून ४५ घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा साधारण १६ ब्रास मुरूम लागेल. गावातील दराने गुणून वाहतूक आणि मजुरी त्यात मिळवावी. मुरूम दुसरीकडून उचलताना महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधनाची पावती असू द्यावी.

जमिनीचाही हिशेब करावा. या वाटेखाली ३६० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेतीन गुंठे जाते. बागायतीत साडेतीन गुंठे थोडे नाहीत. यासाठीच बांध, गाडीवाट, पाटाची कड यांचा जितका उपयोग होईल तितका करावा आणि नवी वाट अपरिहार्य तेवढीच काढावी. सगळे काम एकाच वर्षी करण्याचीही गरज नाही. पहिल्या वर्षी शेततळ्याची जाळी, विहिरीचा कठडा आणि पाणी काढून देणारी पोटे, एवढे करावे. मुरूम दुसऱ्या वर्षी आला तरी चालतो. कमानी, रंगीत फलक आणि सेल्फीसाठी चौकटी यांचा विचार सर्वांत शेवटी करावा.

देखभाल

वाट तयार झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात छत्री आणि फावडे घेऊन तीवरून एक फेरी मारावी. पाणी कोठे साचले, कोठे वाटेनेच धावू लागले, कोणत्या पोटाचे तोंड गाळाने बुजले, ते त्या अर्ध्या तासात जितके कळते तितके कोरड्या दिवसांत कधी कळत नाही. साचलेल्या पाण्याला तेथल्या तेथे फावड्याने तोंड करून द्यावे आणि जागा नकाशावर लिहून ठेवावी. परतीच्या पावसानंतर पुन्हा एक फेरी करावी. दसऱ्यानंतर जमीन वापशावर आली की खचलेल्या जागी मुरूम भरून ठोकून घ्यावा, फांद्या छाटाव्यात, दोर व जाळी तपासावी. कुजलेले दोर दिसायला चांगलेच दिसतात, म्हणून अंगाचा भार देऊन ओढून पाहावेत. ज्वारी हुरड्यात येईपर्यंत एवढी कामे आटोपतात.